कनेक्शन रिफ्यूज्ड

नगर जिल्ह्यात तोंडावर 'नाही' म्हणायची रीत नाही. पतसंस्थेत कर्ज मागायला गेलात तर मॅनेजर चहा पाजतो, सातबारा उलटसुलट करून पाहतो आणि 'मीटिंगला ठेवतो' म्हणत दारापर्यंत सोडायला येतो. मुलगी बघून गेलेली मंडळी 'घरी विचारून कळवतो' म्हणतात आणि मग न कळवून कळवतात. कारखान्यात मागच्या हंगामाच्या फरकाचं विचारलंत तर 'होऊन जाईल' असं उत्तर मिळतं. 'कधी?' असं पुढे विचारणाऱ्याला लोक नवखा समजतात. अशा मुलखात स्पष्ट नकार मिळाला की ज्याचा चेहरा उजळतो असा एकच माणूस मी पाहिलाय, तो म्हणजे आमच्या कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागातले दादा.

सकाळपासून मेल बंद असतं. अकाउंटपासून शेतकी खात्यापर्यंत बोंब उठलेली असते. एमडी साहेबांचा शिपाई दोनदा येऊन गेलेला असतो. आणि आतल्या थंडगार खोलीतून दादांचा प्रसन्न आवाज येतो, "रिफ्यूज्ड आहे! काळजी करू नका, रिफ्यूज्ड आहे!"

माझं टेबल त्या खोलीच्या दाराशी असल्यामुळे या आनंदामागचं तत्त्वज्ञान मला इच्छा नसताना पाठ झालंय. एका प्रोग्रॅमनं दुसऱ्याकडे जोडणी मागितली की तीनपैकी एक गोष्ट होते. पहिली, जोडणी मिळते. यात दादांना काही रस नाही. दुसरी, 'कनेक्शन रिफ्यूज्ड'. म्हणजे मशीन जागेवर आहे, शुद्धीत आहे, पण ज्या पोर्टवर तुम्ही आलात तिथे कुणी बसलेलं नाही, आणि हे ते एवढ्याशा पॅकेटातून तत्क्षणी सांगून टाकतं. तिसरी, 'कनेक्शन टाइम्ड आउट'. हो नाही, नाही नाही. तुम्ही थांबता, थांबता, थांबता, आणि शेवटी आपलं आपणच समजून घेता. "हा एरर लिहिणारा बहुतेक नगरचा असावा," असं दादांचं मत आहे.

त्यामुळे स्वतःच्या हातातल्या फायरवॉलवर दादा 'ड्रॉप' लावत नाहीत, 'रिजेक्ट' लावतात. ड्रॉप केलं की पलीकडचा बिचारा ताटकळत बसतो. सुरक्षा ऑडिटसाठी पुण्याहून आलेल्या टायवाल्या पोरानं यावर शेरा मारला. ड्रॉप लावलं की चोराला आपण घरात आहोत हेच कळत नाही, असं त्याचं म्हणणं. दादांनी शेरा नीट वाचला, खाली सही केली आणि म्हणाले, "बघतो."

दादांचं नाव इथे देत नाही, कारण देऊन उपयोग नाही. हा माणूस एक नाही. जिल्ह्यातल्या प्रत्येक साखर कारखान्यात, नागापूर एमआयडीसीतल्या प्रत्येक जुन्या कंपनीत, प्रत्येक इंजिनिअरिंग कॉलेजच्या तळमजल्यावर तो एकेक नग सापडतो. पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी बारीक स्क्रूड्रायव्हर. नेमणूक झाली तेव्हा हुद्दा 'डेटा एंट्री ऑपरेटर', आजही पगारपत्रकात तोच. प्रिंटर अडला, दादा. चेअरमन साहेबांच्या नातवाच्या मोबाईलमध्ये गेम उतरत नाही, दादा. वजनकाट्याच्या पावतीवर ऊस उत्पादकाचं आडनाव 'शिंदे'ऐवजी चौकोन-चौकोन-चौकोन असं छापलं गेलं, दादा. चेअरमन साहेब तर त्यांना नावानं किंवा हुद्द्यानंही हाक मारत नाहीत. "ते कॉम्प्युटर कुठंय? बोलवा त्यांना." 'त्यांना' म्हणतात, हे मात्र खरं.

यातल्या एकाही कामाला दादांनी आजवर नकार दिलेला नाही. प्रत्येकाला 'बघतो' म्हणतात, आणि गंमत म्हणजे खरोखरच बघतात. अर्ध्या रात्री घरी जातात. वहिनींनी 'जेवायला येताय का?' असं फोनवर विचारलं की 'आलोच' म्हणतात. आता वहिनींनाही त्यांची भाषा येते. परवा त्यांनी फोनवर विचारलं, "आलोच म्हणजे ४५१ का?" मेलच्या बोलीत ४५१ म्हणजे 'आत्ता जमत नाही, नंतर प्रयत्न करा'. कायमच्या नकारासाठी ५५० आहे. तो आकडा वहिनींनी राखून ठेवलाय.

आता कारखान्याला स्वतःचा मेल सर्व्हर कशाला हवा, हे कुणीही विचारेल. गुगलकडे का नाही देऊन टाकत? एकदा एमडी साहेबांनी याचा हिशेब काढला होता. माणशी महिना इतके, गुणिले माणसं, गुणिले बारा. उत्तर बघून त्यांनी कॅल्क्युलेटर बंद केला आणि म्हणाले, "आपला घरचा फुकट आहे." दादांचा पगार, दादांची झोप आणि एसीचं बिल त्या हिशेबात नव्हतं. पण खरं कारण पैशाचं नाहीच. प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी १९५० च्या सुमारास सहकारी साखर कारखाना उभा करून दाखवला, तेव्हापासून या जिल्ह्याला सगळं स्वतःचं असायची सवय लागली. स्वतःचा कारखाना, स्वतःची शाळा, स्वतःचा दवाखाना, स्वतःचा पेट्रोलपंप, स्वतःची पतसंस्था. मग मेलच तेवढं परक्याच्या घरी कसं ठेवायचं?

तर आमचा घरचा मेल सर्व्हर लिनक्सवर चालतो आणि त्यात तीन पात्रं आहेत. पहिलं पोस्टफिक्स. विट्झे व्हेनेमा नावाच्या डच गृहस्थानं आयबीएममध्ये असताना हे लिहिलं, १९९८ साली ते जगाला खुलं झालं, आणि दादांच्या मते त्यानंतर संगणकक्षेत्रात विशेष काही घडलेलं नाही. पोस्टफिक्स मेल घेतं, पोचवतं, आणि जे जे घडलं ते लॉगमध्ये लिहून ठेवतं. दुसरं अमाविस. ते प्रत्येक मेल उघडून तपासतं, स्पॅमअसॅसिनकडून गुण घालून घेतं. पाच गुणांच्या पुढे गेलं की मेल स्पॅम. तिसरं क्लॅमडी, व्हायरस शोधणारं. दादा यांच्याबद्दल घरच्या माणसांसारखं बोलतात. "पोस्टफिक्स गुणी आहे. अमाविस कामसू, पण मनाला लावून घेतं. क्लॅम खादाड." आणि तिघांची भांडणं म्हणजे दादांची नोकरी. मेल बंद पडलं, असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा पोस्टफिक्स ठणठणीत असतं. ते चाळणीकडे जोडणी मागतं आणि चाळणी दार उघडत नाही, एवढंच झालेलं असतं.

दादांकडे दोन पोरं शिकाऊ आहेत, पॉलिटेक्निकची. पोरं गुणी, पण त्यांच्याकडे एकच औषध. काहीही झालं की, "सर, रिस्टार्ट मारू?" हे वाक्य ऐकलं की दादांच्या कपाळाची शीर उडते. "आधी वाच, मग मार." रिस्टार्ट मारला की प्रोग्रॅम उठतो, आणि का पडला होता ते कळायची सोय संपते, असं त्यांचं म्हणणं. म्हणून ते पोरांना लॉग मोठ्यानं वाचायला लावतात. दुपारच्या वेळी आतून आवाज येत असतो, "कनेक्ट टू एकशे सत्तावीस पॉइंट शून्य पॉइंट शून्य पॉइंट एक, पोर्ट दहा हजार चोवीस, कनेक्शन रिफ्यूज्ड..." आणि दादा डोळे मिटून, मान हलवत, "हं... पुढे?"

दादांच्या टेबलावर कारखान्याच्या डायऱ्यांची चळत आहे. पहिल्या पानावर चेअरमन साहेबांचा फोटो, दुसऱ्यावर संचालक मंडळ, पुढे मागच्या हंगामाचं गाळप आणि उतारा, आणि त्यानंतर तारखेची पानं. त्या पानांवर दादांनी बारीक अक्षरात दुखणी आणि औषधं लिहून ठेवली आहेत. एकदा मी चाळून पाहिली.

'मिल्टरचं सॉकेट समोर दिसतंय, पोस्टफिक्स म्हणतं नाही. कारण ते स्वतःच्या खोलीत कोंडलेलं (क्रूट). सॉकेट त्याच्या खोलीत हलवलं. दिसलं.'

'लोकलहोस्ट म्हटलं की आधी आयपीव्ही सिक्सकडे जातंय. अमाविस बसलंय आयपीव्ही फोरवर. दोघं एकाच घरात, गाठ नाही. नाव काढून १२७.०.०.१ लिहिलं.'

'सगळं बरोबर, तरी परमिशन डिनाइड. एसई लिनक्स. पोरानं इंटरनेटवर वाचून बंदच करून टाकलं. पोराला समज दिली. परत चालू केलं.'

'सगळ्या जगाचं मेल परत पाठवतंय. काळ्या यादीची चौकशी ८.८.८.८ मार्फत जात होती. यादीवाले तशा चौकशीला उत्तर देत नाहीत, नुसता एक खुणेचा आकडा पाठवतात. आपण तो आकडा 'दोषी' असा वाचत होतो. स्वतःचा रिझॉल्व्हर लावला.'

यातल्या शेवटच्या नोंदीखाली पेन्सिलीनं लिहिलंय, 'असं माणसांचंही होतं.' पण ते खोडलंय. दादा तसे अलंकारिक लिहिणारे नाहीत.

मराठी मेल स्पॅममध्ये जाण्याचंही एक प्रकरण आहे. स्पॅमअसॅसिनमध्ये कोणत्या भाषा चालतील ते सांगायची सोय असते. मागे कुणीतरी, म्हणजे दादांच्या आधीच्या कन्सल्टंटानं, तिथे फक्त इंग्रजी लिहून ठेवलं होतं. त्यामुळे दिवाळीपाडव्याच्या शुभेच्छा, वार्षिक सभेची नोटीस, सेवानिवृत्तीच्या सत्काराचं निमंत्रण, सगळ्यांवर 'नको असलेली भाषा' असा शिक्का बसून जवळजवळ तीन गुण चढायचे. मराठी भाषा दिनाचं परिपत्रक त्याच शिक्क्यासकट कचऱ्यात सापडलं तेव्हा दादा एकटेच हसले, कारण दुसऱ्या कुणाला ते समजावून सांगायला अर्धा तास लागला असता.

जगातल्या मोठ्या मोठ्या चाळण्याही कशा अडल्या, याच्या कथा दादांना तोंडपाठ आहेत आणि त्या सांगताना ते फार सुखात असतात. १ जानेवारी २०१० ला स्पॅमअसॅसिनचा एक नियम जागा झाला. 'तारीख फार पुढची असेल तर संशय घ्या', असा तो नियम, आणि लिहिणाऱ्यानं २०१० हेच फार पुढचं धरलेलं. त्या दिवशी जगभरच्या सरळमार्गी मेलांना उगाचच तीनच्या आसपास गुण चढले. पहिल्या तारखेला निम्म्याहून अधिक मेल 'हॅपी न्यू इयर'चीच असतात, त्यामुळे सॉफ्टवेअरच्या हातून इतकं चांगलं काम पुन्हा झालेलं नाही, असं दादा म्हणतात. त्याच वर्षी एप्रिलच्या मध्यावर क्लॅमएव्हीवाल्यांनी जुनी ०.९४ आवृत्ती बंद करायचं ठरवलं. आधी सांगून, तारीख देऊन. ज्यांनी वाचलं नाही त्यांचं क्लॅमडी त्या दिवशी मेलं, मागोमाग मेल अडलं. "त्यांनी टाइम्ड आउट नाही केलं," दादा आदरानं सांगतात, "तोंडावर सांगितलं, अमुक तारखेपासून बंद." आणि १ जानेवारी २०२२ ला मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंजची पाळी आली. त्यांच्या चाळणीनं तारखेचा एक लांबलचक आकडा करून ठेवला होता. २२ साल लागताच तो त्याच्यासाठी राखलेल्या जागेत मावेना, आणि मेल रांगेत तटली. ही गोष्ट दादा महागडा सर्व्हर विकायला आलेल्या प्रत्येक सेल्समनला चहाबरोबर ऐकवतात.

असा हा माणूस प्रत्यक्ष कामात कसा दिसतो ते एका संध्याकाळी अगदी जवळून बघायला मिळालं. गळीत हंगाम भरात होता. केन यार्डात ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांची ही गर्दी, हवेत मळीचा वास. विस्तारीकरणाच्या कर्जाचा प्रस्ताव एका बँकेकडे गेलेला, त्याचं उत्तर त्या दिवशी मेलवर यायचं होतं. बँकेतून फोन आला होता, 'दुपारीच पाठवलंय.' आणि कारखान्यात दुपारपासून एकही मेल उतरलेलं नव्हतं.

नगर-मनमाड रस्त्याला कुठंतरी जेसीबी लागला असणार आणि केबल तुटली असणार, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं. आमच्याकडे ते गृहीतच असतं. पण इंटरनेट चालू होतं. शेतकी खात्यात क्रिकेटची मॅच चालू होती, त्यावरून खात्री पटली. थोड्या वेळानं एमडी साहेब आले. त्यांच्या मागून खुद्द चेअरमन साहेब. त्या खोलीत त्यांना बसायला द्यावी अशी खुर्ची नव्हती, म्हणून यूपीएसच्या खोक्यावर वर्तमानपत्र अंथरलं.

"काय हो कॉम्प्युटर, आलं का नाय मेल?"

"आलंय साहेब."

"मग दाखवा."

"आलंय, पण आत येत नाही."

चेअरमन साहेबांनी एमडी साहेबांकडे पाहिलं. दादांनी मेलची रांग उघडून स्क्रीनवर बोट ठेवलं. बँकेचा पत्ता तिथे स्पष्ट दिसत होता. शेजारी दुपारची वेळ, आणि खाली कंसात तेच वाक्य, दहा हजार चोवीस, कनेक्शन रिफ्यूज्ड. त्याच्या वर-खाली इतर शेकडो.

"असं बघा साहेब," दादा म्हणाले, "ट्रॅक्टर गेटातून आत आला. वॉचमननं नंबर दिला. आता तो काट्यावर जायचा. पण काट्यावर माणूस नाही. वजन झाल्याशिवाय गव्हाणीकडे सोडता येत नाही. म्हणून ट्रॅक्टर यार्डात उभे."

चेअरमन साहेबांनी आयुष्यभर हेच पाहिलेलं. ते ताडकन म्हणाले, "काटेवाला गेला कुठं मग?"

हा प्रश्न इतका नेमका होता की दादा क्षणभर त्यांच्याकडे बघतच राहिले. गेली कित्येक वर्षं ते पोरांना हाच प्रश्न विचारायला शिकवत होते.

एमडी साहेबांना मात्र घाई. "आजच्यापुरता काटा बाजूला ठेवा ना. तपासणी न करता सोडा सगळं आत. उद्या लावा परत."

"साहेब, शिंगणापूरला घरांना दारं नसतात, तरी युको बँकेनं २०११ साली तिथं बिनकुलपाची शाखा काढली तेव्हा काचेचं दार लावलंच."

"म्हणजे नाही म्हणताय?"

"नाही कुठं म्हणतोय? बघतो."

एव्हाना पोरानं अमाविस उठवलं होतं, या वेळी आधी वाचून. दादांनी टेलनेटनं दहा हजार चोवीसचं दार वाजवलं. २२० आलं. म्हणजे आहे माणूस, या. पोरगं खूश झालं. दादा नाही झाले. ते लॉगकडे बघत राहिले, आणि दोनेक मिनिटांत नवीन ओळी सरकायला लागल्या. आता रिफ्यूज्ड नव्हतं, ४५१ होतं. व्हायरस तपासता येत नाही, सगळे स्कॅनर फेल, नंतर या.

"काटेवाला आला," चेअरमन साहेबांना त्यांनी कळवलं, "पण त्याचा काटाच जागेवर नाही." क्लॅमडीही मेलेलं होतं. आता ते का मेलं? त्याच्या स्वतःच्या लॉगमध्ये काही नाही. मरणाऱ्याला लिहायला वेळ मिळालेला नव्हता. मग दादांनी कर्नलचा लॉग उघडला, आणि तिथे सगळं सापडलं. मेमरी संपली. मेमरी संपली की लिनक्सचा कर्नल कुणाशी चर्चा करत नाही. सगळ्यात जास्त खाणारा कोण ते बघतो आणि मारतो. आधी क्लॅमडी, मग अमाविस. वेळ दुपारची, जेवणाच्या सुट्टीतली.

मशीनला मेमरी चार जीबी. क्लॅमडी एकटं एक-सव्वा जीबी खातं, कारण जगातल्या लाखो व्हायरसांच्या खुणा ते डोक्यात घेऊन बसतं. खुणांची नवी यादी आली की २०२० पासूनच्या आवृत्त्यांत ते आणखी एक करतं. जुनी यादी टाकून न देता शेजारी नवी चढवतं, म्हणजे मधल्या वेळात तपासणी थांबत नाही. सोय चांगली, पण तेवढा वेळ खाणं दुप्पट. तरीही आजवर निभत होतं. मग आजच काय झालं?

दादांनी पुढची कमांड दिली आणि गप्प झाले. वजनकाट्याचं सॉफ्टवेअर देणाऱ्या माणसानं आपल्या डेटाबेसची एक प्रत याच मशीनवर आणून चालू करून ठेवली होती. 'सर, तुमच्या मशीनवर जागा मोकळी दिसली, ठेवू का दोन दिवस?' असं त्यानं विचारलं होतं. आणि दादांनी काय उत्तर दिलं असणार, ते सांगायला नको.

ते काही बोलले नाहीत. डेटाबेस थांबवला. क्लॅमडी चालू केलं.

यानंतरची पाच मिनिटं ही या धंद्यातली खरी परीक्षा. क्लॅमडी चालू केलं तरी लगेच दार उघडत नाही. आधी सगळी यादी वाचून घेतं. आमच्यासारख्या म्हाताऱ्या मशीनवर त्याला बराच वेळ लागतो. तोवर सॉकेट तयारच नसतं आणि अमाविस ओरडतच राहतं. अडाणी माणूस इथे पुन्हा रिस्टार्ट मारतो. मग यादी पहिल्यापासून. पुन्हा रिस्टार्ट, पुन्हा पहिल्यापासून. अशा रीतीनं माणसं रात्र काढतात. पोराचा हात कीबोर्डकडे सरकताना दिसला. दादांनी फक्त डायरी उचलून कीबोर्डवर ठेवली. चेअरमन साहेब स्वतःच्याच फोटोकडे बघत बसले. एमडी साहेबांनी घड्याळ पाहिलं. चहा आला, तो सगळ्यांनी उभ्या उभ्या घेतला. कुणीतरी नवं मेल 'आता जातंय का' म्हणून पाठवून पाहिलं, आणि रांगेत आणखी एकाची भर घातली.

मग सॉकेट उभं राहिलं. दादांनी लगेच रांग सोडली नाही. आधी त्यांनी स्वतःलाच एक मेल पाठवलं, त्यात ६८ अक्षरांची ती ठरावीक ओळ, जिच्यात काहीही अपाय नाही, पण जगातल्या झाडून सगळ्या अँटिव्हायरसांनी जिला व्हायरस म्हणायचं असं एकमतानं ठरवलंय. मेल गेलं, पकडलं गेलं, बाजूला ठेवलं गेलं. "धरलं," दादा पुटपुटले. काटा बरोबर वजन दाखवतोय, याची खात्री पटल्यावरच त्यांनी पोस्टफिक्सला सांगितलं, सोड.

पुढे दहा मिनिटं कारखान्यातले सगळे फोन एकदम वाजायला लागले. अकाउंटमध्ये, शेतकीत, स्टोअरमध्ये, टाइम ऑफिसात टिंग, टिंग, टिंग. साखर आयुक्तालयाचं परिपत्रक आलं, बारदान्याचं कोटेशन आलं, कुणाच्या तरी बदलीच्या अर्जाची प्रत आली. डिस्टिलरीच्या मॅनेजरला परदेशातल्या एका दिवंगत राजपुत्राचा वारसा मिळाला होता, तो मात्र चाळणीत अडकला. आणि बँकेचं मेल आलं.

एमडी साहेबांनी ते तिथेच, दादांच्या स्क्रीनवर उघडलं. इंग्रजी पत्र होतं, सव्वा पान. त्यांनी मनातल्या मनात वाचलं आणि चष्मा काढला.

"काय म्हणत्यात?" चेअरमन साहेबांनी विचारलं.

"आपला प्रस्ताव मिळाला. त्यांना आनंद झाला. प्रस्ताव योग्य त्या समितीपुढे विचाराधीन आहे. यथावकाश कळवू."

थोडा वेळ फक्त एसीचा आवाज. मग चेअरमन साहेब मोकळेपणानं हसले. "म्हणजे बघतो म्हणत्यात!"

"यापेक्षा रिफ्यूज्ड परवडलं असतं," दादा म्हणाले. आपण हे मोठ्यानं बोललो हे त्यांच्या बोलल्यावर लक्षात आलं असावं, कारण ते लगेच वळून वायर नीट करायला लागले.

पण चेअरमन साहेब खुशीत होते. उठताना त्यांनी दादांच्या पाठीवर थाप मारली. "चांगलं काम केलं. काही पाहिजे का तुमच्या या खोलीला?"

अशी संधी वर्षानुवर्षांत येत नाही. दादांनी टेबलाच्या खणातून मागणीपत्र काढलं. आठ जीबी रॅम, नग एक. मागच्या हंगामापासूनचं, परचेसचे दोन शेरे आणि एका चहाच्या कपाची गोल खूण अंगावर घेऊन परत आलेलं. चेअरमन साहेबांनी ते हातात घेतलं, लांब धरून वाचलं, एमडी साहेबांकडे दिलं. एमडी साहेबांनी घडी घालून खिशात ठेवलं.

"रॅमचं ना? बघतो."

दोघं गेले. पोरं घरी गेली. मी निघताना आत डोकावलो तेव्हा दादा क्लॅमडीची कॉन्फिगरेशन फाईल उघडून बसले होते. रॅम नाही, तर खाणं कमी करायचं. नवी यादी चढवताना जुनी शेजारी ठेवायची सोयच बंद करायची, तेवढा वेळ मेल थांबलं तर थांबलं. वहिनींचा फोन वाजत होता. वजनकाटावाल्याचा मेसेज येऊन पडला होता, 'सर, डेटाबेस बंद दिसतोय, परत चालू करता का?' दादांनी 'कॉन्करन्ट डेटाबेस रीलोड' ही ओळ शोधली, तिच्यापुढचं 'येस' खोडलं, आणि दोन अक्षरं ठासून टाइप केली, 'नो'. मग सेव्ह केलं, आणि फोन उचलला. "हो, हो. आलोच."